रानडुक्कर, रोही आणि पारधीची परवानगी: गोळी झाडण्याआधीचे कागद

सकाळी धुऱ्यावर उभं राहावं आणि अर्धा एकर भुईमूग नांगर फिरवल्यासारखा उपसलेला दिसावा. अशा वेळी शेतकऱ्याच्या तोंडी एकच वाक्य येतं, "आता गोळीच घालतो." हा राग खोटा नाही. चार महिने राबून उभं केलेलं पीक एका रात्रीत जातं आणि डुकराचा कळप दुसऱ्या रात्री पुन्हा हजर असतो. पण त्याच रागाच्या भरात कोणाची तरी बंदूक मागून आणलेला माणूस पुढची काही वर्षं तारखा करत फिरतो, हेही मी जवळून पाहिलं आहे. तो माणूस चोर नव्हता, शिकारीही नव्हता. त्याच्याकडे फक्त कागद नव्हता.

महाराष्ट्रात पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर किंवा रोही, म्हणजे नीलगाय, मारण्याची कायदेशीर वाट आहे. त्यासाठी दोन वेगवेगळ्या कायद्यांखालचे दोन वेगवेगळे कागद लागतात. पहिला वनविभागाचा: अमुक प्राणी, अमुक शेतात मारायला परवानगी. दुसरा जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा पोलीस आयुक्तांचा: अमुक माणसाला बंदूक बाळगायला आणि वापरायला परवाना. एक कागद दुसऱ्याचं काम करत नाही. "माझ्याकडे लायसन्सची बंदूक आहे, मग डुक्कर मारलं तर काय बिघडलं?" हा प्रश्न मला कितीदा तरी ऐकायला मिळतो. त्याचं उत्तर असं की शस्त्राचा गुन्हा झाला नाही, वन्यजीवाचा झाला.

कायदा नेमका काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ नं शिकारीवर बंदी घातली आहे. १९९१ च्या दुरुस्तीपूर्वी शिकारीचे परवाने मिळत, त्यामुळे जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून "शिकारीचं लायसन्स" येतं. तसं लायसन्स आता अस्तित्वात नाही. आणि कायद्यातली 'शिकार' म्हणजे केवळ गोळी घालणं नव्हे. विष घालणं, फास लावणं, सापळा मांडणं, आमिष ठेवणं, हाकारा करणं, आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणं आणि घरटं विस्कटणंसुद्धा.

या बंदीतून वाट काढतं ते कलम ११. प्राण्यांच्या आता दोन अनुसूची आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनं ही नवी मांडणी आणली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पहिल्या अनुसूचीतले प्राणी, म्हणजे वाघ, बिबट, गवा, काळवीट, चिंकारा, मोर, यांनी तुमचं पीक कितीही खाल्लं तरी पिकाच्या कारणावरून मारण्याची परवानगी मिळत नाही. त्यांच्यासाठी माणसाच्या जिवाला धोका किंवा बरं न होणारी इजा वा आजार, एवढीच कारणं धरली जातात आणि निर्णय राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा असतो. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी मात्र कायदा स्पष्ट शब्दांत 'उभ्या पिकांसह मालमत्तेला धोका' हे कारण मान्य करतो. रानडुक्कर आणि रोही या दुसऱ्या अनुसूचीत येतात. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आणि कारणं नमूद करून परवानगी देऊ शकतो. या दोन प्राण्यांच्या पारधीसाठी राज्य शासनाचा २०१५ सालचा वेगळा निर्णयही आहे, आणि वनविभागाच्या कागदांत अशा शिकारीला 'पारध' हाच शब्द चालतो. अर्जात तोच लिहा.

'लेखी' या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो. वनरक्षक चहा पिताना "मारा हो, कोण बघतंय" म्हणाला, याला परवानगी म्हणत नाहीत. सरपंचाचं पत्र हीसुद्धा परवानगी नव्हे. केरळनं २०२२ मध्ये रानडुकरांपुरते असे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिले, ती बातमी आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरते. ती केरळची व्यवस्था आहे.

दुसरी एक गल्लत 'हानिकारक प्राणी' या शब्दानं होते. कलम ६२ खाली केंद्र सरकार दुसऱ्या अनुसूचीतला एखादा प्राणी ठरावीक प्रदेशात, ठरावीक मुदतीसाठी हानिकारक म्हणून जाहीर करू शकतं. तेवढ्या काळात त्या प्राण्याला या कायद्याचं संरक्षण उरत नाही. बिहारमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये नीलगाय आणि रानडुकरांबाबत, उत्तराखंडात २०१६ मध्ये रानडुकरांबाबत आणि त्याच वर्षी हिमाचलात शिमल्यातल्या माकडांबाबत तसं झालं. जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या, आणि मेनका गांधी व तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर वाद झाला. त्या अधिसूचना त्या-त्या प्रदेशापुरत्या आणि मुदतीपुरत्या होत्या. शिवाय कावळा, वटवाघूळ, उंदीर, घूस यांची जुनी पाचवी अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीत निघाली, तेव्हा "तो तर हानिकारक यादीत आहे" हे वाक्यही जुनं झालं.

आधी कोण येतंय ते नक्की करा

परवानगी एका ठरावीक प्राण्यासाठी मिळते. चुकीच्या प्राण्याचं नाव लिहिलं, तर चौकशीला आलेला वनरक्षक पहिल्याच फेरीत अर्ज बाजूला ठेवतो.

रानडुक्कर नाकाडानं जमीन उकरतं. सऱ्यांसारखे लांबट खड्डे, उलथलेली ढेकळं, मुळापासून उपटलेली रोपं. ओल्या मातीत खुरांच्या दोन पाकळ्यांमागे लहान खुऱ्यांचेही दोन ठिपके उमटतात. जवळ एखादं बाभळीचं किंवा पळसाचं खोड असेल तर गुडघ्याएवढ्या उंचीवर सुकलेला चिखल आणि त्यात अडकलेले राठ केस दिसतात. चिखलात लोळून आल्यावर डुक्कर तिथं अंग घासतं. मी नेहमी आधी ते खोड शोधतो. रोही जमीन उकरत नाही. ती तुरीचे शेंडे आणि हरभऱ्याचे घाटे वरच्यावर ओरबाडते, आणि एकाच जागी पुन:पुन्हा लेंड्या टाकते, तो ढीग धुऱ्याकडेला सापडतो. शेंडे काळविटानंही खाल्लेले असू शकतात, आणि अंधारात रोहीची मादी व सांबर यांत गफलत होते. काळवीट आणि सांबर या परवानगीत येत नाहीत.

फोटो दिवसा काढा, तारीख आणि जागा दिसेल अशा अ‍ॅपनं काढा. खुराच्या ठशाशेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे माप कळतं. सलग तीन-चार दिवसांची नोंद वहीत ठेवली तर फारच चांगलं.

अर्ज

अर्ज तुमच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या, म्हणजे आरएफओच्या कार्यालयात द्यायचा. नमुना तिथंच मागा. नसला तर साध्या कागदावर लिहा. नाव, गाव, गट क्रमांक, क्षेत्र, उभं पीक, कोणता प्राणी, कधीपासून नुकसान, अंदाजे किती. सोबत चालू सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, फोटो आणि गटाचा हातानं काढलेला नकाशा. नकाशात जंगल कोणत्या बाजूला, वस्ती कुठं, रस्ता कुठं, विहीर कुठं, हे दाखवा. ई-पीक पाहणी केली नसेल तर आधी ती करा. सातबाऱ्यावर पीक 'पड' दिसत असताना तुरीच्या नुकसानीचा अर्ज कोणीही मंजूर करत नाही.

प्रत्यक्ष पारध कोण करणार, हेही अर्जातच लिहा. कलम ११ खाली परवानगी 'कोणत्याही व्यक्तीला' देता येते, म्हणजे शेतकऱ्यानं स्वत: बंदूक चालवली पाहिजे असं नाही. परवानाधारकाचं नाव, शस्त्र परवान्याची प्रत आणि त्याची लेखी संमती जोडा.

अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. एका शेतकऱ्याबरोबर मी अशा कार्यालयात गेलो होतो. टेबलावरच्या माणसानं अर्ज घेतला आणि "या पुढच्या आठवड्यात" म्हणाला. पोच मागितली तर "विश्वास नाही का?" असं विचारलं. आम्ही तिथंच उभे राहिलो आणि शिक्का घेऊनच निघालो. पुढे दोन फेऱ्यांनंतर "असा अर्ज आलाच नाही" हे उत्तर मिळालं, तेव्हा तो शिक्काच कामी आला. दाद लागत नसेल तर उपवनसंरक्षकांकडे लेखी द्या. वनविभागाची १९२६ ही हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइनही आहे.

परवानगीचा कागद हातात पडला की घरी जाण्याआधी तिथंच वाचा. प्राणी कोणता, किती, कोणत्या गटात, कोणत्या तारखेपर्यंत, कोण मारणार, अटी काय. शेजारच्या गटात तुमची परवानगी चालत नाही. जंगलात तर मुळीच नाही. राखीव वनात शिकार करणं भारतीय वन अधिनियम १९२७ खालीही गुन्हा आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार केली तर शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला तरी तीच. इतर गुन्ह्यांत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

बंदूक कोणाची, परवाना कोणाचा

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याच्या उपयोगाची एक तरतूद आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यानं वेगळा ओळखला आहे. ठासणीची पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर किमान वीस इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बहुधा आपली बारा बोअर, मंजूर करता येते. अर्जात 'पीकसंरक्षण' हे कारण स्पष्ट लिहा आणि नुकसानीच्या पंचनाम्यांच्या प्रती जोडा.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे. वय २१ पूर्ण हवं. पोलीस चौकशी होते, वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि मंजुरीनंतर राष्ट्रीय नोंदीतला यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक पडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. वेळ लागतो, भरपूर लागतो. हरभरा घाट्यावर आल्यावर अर्ज करून त्या हंगामात बंदूक हाती येत नाही.

अभयारण्याजवळच्या गावांना आणखी एक टप्पा आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही, आणि ज्यांच्याकडे आधीपासून परवाना आहे त्यांनी नाव नोंदवावं लागतं. टिपेश्वर, बोर, उमरेड-करांडला यांच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी हे अंतर आधी मोजावं.

बहुतेक गावांत मग वाट उरते ती आधीच परवाना असलेल्या माणसाची. त्याला विचारण्याआधी त्याचा परवाना पाहा. मुदत संपलेली नाही ना, परवान्यात आपला जिल्हा येतो ना, काडतुसांची पावती आहे ना. निवडणूक लागली असेल तर बंदूक पोलीस ठाण्यात जमा असू शकते, तेही विचारा. आणि गोळी त्यानंच झाडायची. "दादा, एक रात्र बंदूक द्या" हे चालत नाही. विनापरवाना शस्त्र वापरणाऱ्यावर गुन्हा पडतो आणि देणाऱ्याचा परवानाही जातो. २०१९ पासून विनापरवाना बंदुकीची किमान शिक्षाच दोन वर्षांची आहे.

एअरगनचं काय, हे तरुण मुलं विचारतात. कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, हे खरं. पण शिकारीची बंदी हत्यार पाहून लागत नाही. एअरगननं पोपट पाडला तरी ती शिकारच.

जे करायचंच नाही

ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या, डाळिंबावरचे पोपट, कणसावरच्या सुगरणी, यांच्यासाठी पारधीची वाट धरू नका. जाळी, चमकत्या पट्ट्या, मळ्यावरचा माणूस आणि हवेत फिरवलेली गोफण, हेच उपाय. कोकणातल्या माकडांबाबत तर हात आवरा: तिथलं लाल तोंडाचं माकड, म्हणजे बॉनेट मकाक, नव्या मांडणीत पहिल्या अनुसूचीत गेलं आहे.

आणि कुंपणाच्या तारेत घरच्या लाइनचा करंट सोडू नका. मी हे हात जोडून सांगतो. त्या तारेला डुक्कर लागतं तसा वाघ लागतो, शेजाऱ्याची गाय लागते, पहाटे पाणी धरायला निघालेला तुमचाच मुलगा लागतो. विदर्भात ही तिन्ही प्रकारची मरणं घडलेली आहेत. माणूस मेला तर मनुष्यवधाचा गुन्हा पडतो. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, तो जनावराला पळवतो, मारत नाही. वनविभागाच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळतं, आपलं गाव त्यात बसतं का ते आरएफओकडे विचारा. कणकेच्या गोळ्यात भरलेले गावठी बॉम्बही तसेच. मे २०२० मध्ये केरळात स्फोटकं भरलेलं फळ खाऊन जबडा फाटलेली गाभण हत्तीण नदीत उभी राहून मेली, ते दृश्य सगळ्यांनी पाहिलं आहे.

पारधीची रात्र

जायच्या दिवशी पोलीस ठाण्यात आणि वनरक्षकाला लेखी कळवा. परवानगीची मूळ प्रत आणि शस्त्र परवाना दोन्ही अंगावर ठेवा. आजूबाजूच्या प्रत्येक शेतमालकाला फोन करा, जागलीला कोण असणार ते विचारा.

हे मी का सांगतो ते ऐका. परवानगी होती, कागद खिशात होते, मचाणावर आम्ही तिघं बसलो होतो. रात्री तीनच्या सुमारास तुरीच्या तासातून काळं काहीतरी वाकून सरकत होतं. परवानाधारक काका मुरलेले होते. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, पण घोड्यावर बोट नेलं नाही. "बॅटरी मार," एवढंच म्हणाले. उजेडात घोंगडं पांघरलेला पलीकडच्या शेतातला सालदार दिसला. बैल सुटला म्हणून शोधत आला होता. आम्ही त्या शेताच्या मालकाला फोन केला होता, सालदाराला कोणीच सांगितलं नव्हतं. काकांनी बंदूक उघडली, काडतूस काढलं आणि त्या रात्री पुन्हा भरलं नाही.

तेव्हापासूनचे माझे नियम सांगतो. प्राणी पूर्ण दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय गोळी नाही. मचाणावरून खाली, मातीत जाईल अशीच गोळी, आडवी नाही. आपल्याकडच्या काळ्या दगडावर छर्रा आपटला की कुठं वळेल ते सांगता येत नाही. वस्तीच्या किंवा रस्त्याच्या दिशेनं नाही. सोबत पिल्लं असलेल्या मादीवर नाही. दारू प्यालेला माणूस मचाणावर नको, मग तो जमिनीचा मालक का असेना.

प्राणी अंगावर आला आणि जीव वाचवण्यासाठी मारावा लागला, तर कलम ११ त्याला गुन्हा मानत नाही. पण त्या वेळी तुम्ही स्वत:च कायदा मोडत असाल, म्हणजे विनापरवानगी पारधीला निघाला असाल, तर हे संरक्षण मिळत नाही.

गोळी लागल्यावर

जखमी जनावर जंगलात घुसलं तर मागे जाऊ नका. जागा लक्षात ठेवा आणि लगेच वनरक्षकाला फोन करा.

जनावर शेतात पडलं तर ते जिथं पडलं तिथंच राहू द्या. कलम ३९ प्रमाणे ते सरकारची मालमत्ता आहे. कायदा खबर द्यायला ४८ तास देतो, तुम्ही त्याच घटकेला द्या. वाटा पाडणं, मांस घरी नेणं, सुळे आठवण म्हणून ठेवणं, यातलं काहीही केलं तर रीतसर परवानगीनं झालेली पारधसुद्धा गुन्ह्यात बदलते. मला माहीत असलेल्या प्रकरणांत माणसं इथंच अडकली: कागद पक्का होता, पण पातेलं चुलीवर होतं.

पंचनामा तुमच्यासमोर होऊ द्या. त्यात गट क्रमांक, वेळ, नर की मादी, झाडलेल्या काडतुसांची संख्या आणि विल्हेवाट कशी लावली, हे लिहिलं आहे का ते वाचून मगच सही करा. रिकामी काडतुसं गोळा करून दाखवा. प्रत मागा.

आणि पिकाच्या नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा आहे, पारधीची परवानगी मिळाली म्हणून तो रद्द होत नाही. नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत तो वनविभागाकडे द्या आणि पाहणी होईपर्यंत उपसलेलं रान तसंच राहू द्या, वखर फिरवू नका.